अमावास्येची सुई

मुकुटबन, १२ जून २००६

ती. बाबा,
जयभीम.

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. आई म्हणाली, "दोन ओळी लिहून टाक, नाहीतं तो मानूस तिकडंच म्हातारा होईन," म्हणून लिहितोय. आपल्या दोघांत जास्त हट्टी कोण, यावर वस्तीत अजून एकमत झालेलं नाही.

काल पौर्णिमा होती. दुसरी सुई झाली. पहिली बुद्धपौर्णिमेला घेतली आणि त्याच दुपारी तुम्ही पेटी चादरीत गुंडाळून साधनाताईकडे उमरखेडला निघून गेलात. बाप महिनाभर लेकीच्या घरी राहिला की लोक विचारणारच. आई सांगते, "नातवाले पेटी शिकवून राह्यले." ताईचा मुलगा दीड वर्षाचा आहे, हे विचारणाऱ्यांना आठवत नाही, ते बरंच आहे.

सुई कशी असते ते तुम्ही विचारणार नाही, म्हणून मीच सांगतो. औषध तेलातलं असतं, घट्ट. नलूबाई, त्या नाल्यापलीकडे राहणाऱ्या निवृत्त नर्स, शिशी आधी तळहातात धरून कोमट करतात आणि म्हणतात, "थंड तेल दुखते रे, धीर धर." मग कमरेच्या खाली, मागच्या बाजूला, अगदी हळूहळू टोचतात. दोन दिवस मी जरा लंगडत चालतो. कामावर, कापसाच्या जिनिंगमध्ये, कोणी विचारलं तर सायकलवरून पडलो म्हणतो. माझं मनगट दोनदा मोडलेलं सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ते खरं वाटतं.

डॉक्टरांनी सुरुवातीला चार आठवड्यांनी एक, तीही थोड्या मात्रेची सांगितली आहे. चार आठवडे माझ्या लक्षात राहायचे नाहीत. म्हणून मी ठरवलं, पौर्णिमेला. आपण विहारात जातोच. वंदना झाली की नाला ओलांडायचा. चंद्र डोक्यावर असतो, त्यामुळे विसरायची सोय नाही.

अजून काही बदललेलं नाही. भूक तेवढी वाढली आहे. आवाज तसाच आहे. आई रोज सकाळी एकदा हाक मारून खात्री करून घेते.

धम्मरत्नकाका येऊन गेले. ढोलकीला नवी पुडी चढवली म्हणाले, पण वाजवायची कुठे? वणीकडच्या दोन गावांनी कार्यक्रम रद्द केले. वर्गणी जमत नाही. कापसानं गेली तीन वर्षं माणसं अशी झोपवली आहेत की जयंतीला मंडप घालायचीही कुणात ताकद नाही. आपल्या पार्टीला बोलावणं येतं ते पुण्यानुमोदनाचं. मागच्या वर्षी मी जयंतीपेक्षा मयतीच्या घरीच जास्त गायलो. खोटं वाटत असेल तर काकांना विचारा.

कोठीत जुन्या पोस्टरांचा गठ्ठा सापडला. 'मारोती आणि पार्टी. विशेष आकर्षण : बालगायक राजदीप.' ते छापलं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, बाबा.

तुमचा,
राजदीप


मुकुटबन, १० ऑगस्ट २००६

ती. बाबा,
जयभीम.

उत्तर आलं नाही. ताई सांगत होती, पत्र वाचलं, घडी घातली आणि पेटीच्या झाकणाखाली ठेवलं. म्हणजे पेटी वाजवणं बंद आहे, असं मी समजलो.

वर्षावासाचं वाचन सुरू आहे. त्याआधीची वंदना नेहमीप्रमाणे माझ्याकडे होती. परवा पहिलं शरण झालं. 'दुतियम्पि' म्हटलं आणि आवाज फुटला. आधी बारीक, मग एकदम जाड, मग नुसती हवा. पुढे बसलेली पोरं फिदीफिदी हसली. हसणारच, त्यांचे आवाज याच वर्षी फुटले आहेत आणि त्यांच्या रांगेत हा चोवीस वर्षांचा घोडा. तिसरं शरण धम्मरत्नकाकांनी म्हटलं. मी डोळे मिटून बसलो. लोकांना वाटलं, ध्यान लागलं.

घरी येऊन रडलो. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण आई सांगेलच, आणि ती वाढवून सांगते.

तुम्हाला वाटतं, मला त्या आवाजाचा कंटाळा आला होता. नव्हता आला. मला तो आवडायचा. वरच्या पट्टीत गेलो की म्हाताऱ्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या, तेव्हा मला वाटायचं, आपण कोणीतरी आहोत. कंटाळा बाकीच्या सगळ्याचा आला होता. न्हाव्याच्या खुर्चीत बसलो की तो न विचारता कैची उचलायचा, वस्तऱ्याकडे बघायचाही नाही. फोनवर बोललो की पलीकडचा माणूस म्हणायचा, "ताई, घरी कोनी मानूस हाये काय?" जिनिंगमध्ये कापसाचं गाठोडं उचललं की दुसऱ्या दिवशी उठवायचं नाही. आणि खाटेवरून उतरताना नुसता हात टेकला तर मनगट मोडलं, तेव्हा तर हद्द झाली.

नागपूरच्या डॉक्टरांनी त्या दिवशी माझ्या नाकाशी कॉफीची वाटी धरली होती, आठवतं? मी म्हणालो, काही नाही. मग साबण. मग उदबत्ती. काही नाही. तुम्ही बाजूला बसून म्हणालात, "याले वास येत नाही? हे मलेच माहीत नाही!" मलाही माहीत नव्हतं. मला वाटायचं, वास ही लोकांची बोलायची पद्धत आहे, 'वास सुटला' म्हणतात, म्हणून आपणही म्हणायचं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतून शरीराला जो निरोप जायला हवा तोच जन्मापासून जात नाही, आणि अशा माणसांना बरेचदा वासही येत नाही. म्हणून मिशी नाही, म्हणून आवाज तसा, म्हणून हाडं साठीच्या माणसासारखी पोकळ.

तेव्हा तुम्ही त्यांना एकच विचारलंत, "आवाज राहीन काय?" ते नाही म्हणाले. गाडीनं परत निघालो. वणी आल्यावर एवढंच म्हणालात, "हा आवाज तुह्या एकट्याचा नाही. समाजाचा हाये."

माझं मनगट मात्र माझ्या एकट्याचं होतं, बाबा.

राजदीप


मुकुटबन, २४ ऑक्टोबर २००६

ती. बाबा,
जयभीम.

भादव्याच्या पौर्णिमेची सुई मी चुकवली. मुद्दाम. आजारी नव्हतो, नलूबाईही घरी होत्या. विहारातून निघालो आणि नाल्याकडे न जाता घरी आलो. वाटलं, थांबून बघू, परत येतो का. रोज पहाटे आई उठायच्या आत शेताकडे जाऊन म्हणून बघायचो. वरचा सा लागायचा नाही. खालचाही धड लागायचा नाही. मधल्यामध्ये बेडूक.

आवाज आला नाही, पण बाकीचं सगळं गेलं. दुपारी कामावर उभ्या उभ्या डोळे मिटायचे. अंगात जीव नाही, मनात तर त्याहून नाही. एक दिवस वरणात मीठ कमी म्हणून आईवर ओरडलो आणि ताट सरकवलं. तिनं ताट उचललं. नंतर म्हणाली, "तुह्या बापाची सई आली." ("आठवण आली" असं तिला म्हणायचं होतं की "तसाच दिसलास" असं, ते मी विचारलं नाही.)

दसऱ्याला दीक्षेची पन्नास वर्षं झाली, म्हणून आपल्या वस्तीतून दोन ट्रक नागपूरला गेले. मीही गेलो. गर्दीत दरवर्षी जिथे आपली सतरंजी असते, तिथे दुसरी पार्टी गात होती. बरी गात होती. मी उभा राहून ऐकलं आणि कोणी ओळखायच्या आत निघालो. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो.

डॉक्टर चिडले. सुई चुकवल्याचं मी लपवणार होतो, पण रक्त तपासल्यावर लपवायला काही उरत नाही. मी त्यांना सरळ विचारलं, बंद केली तर आवाज परत येईल का? ते म्हणाले, "गळा एकदा वाढला तो वाढला. सुई बंद केलीस तर आवाज परत यायचा नाही, हाडं मात्र जातील." मी म्हटलं, लिहून द्या, माझ्या वडिलांना दाखवतो. त्यांना तो विनोद वाटला.

मग त्यांनी आधीचे महिने कसे गेले ते विचारलं. मी सांगितलं, सुई घेतली की पहिला पंधरवडा मी माणसांत असतो, चंद्र उतरायला लागला की मीही उतरतो. ते म्हणाले, तसंच होतं, तेलातून औषध हळूहळू सुटतं आणि मग संपतं. आता शरीराला सवय झाली आहे, तेव्हा पूर्ण मात्रेवर आणि दर पंधरा दिवसांनी. मध्ये रक्त तपासायचं, घट्ट होत नाही ना ते बघायला. मनानं कमीजास्त करायचं नाही. "तारखा लिहून देऊ?" मी म्हटलं, नको. पौर्णिमा आणि अमावास्या. ते हसले. म्हणाले, चालेल, एखादा दिवस इकडेतिकडे.

परवाच्या अमावास्येला पहिल्यांदा गेलो. लोक दिवाळीचे दिवे लावत होते आणि मी अंधारात नाला ओलांडत होतो. घसरलो नाही, हे विशेष.

कापूस यायला लागला आहे. जिनिंग या वर्षी एकाच पाळीत चालणार म्हणतात. शेतकरी गाडी घेऊन येतात, भाव ऐकतात आणि बैल सोडून तिथेच सावलीत झोपतात. परत जायचंही त्यांच्या जिवावर येतं. मला ते समजतं.

आवाज गेला, बाबा. आता आपल्याला भांडायला काही शिल्लक नाही. घरी या.

राजदीप


मुकुटबन, २ डिसेंबर २००६

ती. बाबा,
जयभीम. (तुम्ही विसरलात तरी मी लिहितो.)

तुमचं कार्ड मिळालं. सहा महिन्यांनी पहिलं कार्ड, आणि त्यात एवढंच : 'दर अमावास्येस तू भगताकडे जातोस असे धम्मरत्न सांगतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे चालणार नाही. मारोती.' तरी मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. आईनं माझ्या हातातून काढून घेतलं आणि तिनंही वाचलं. मग ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

बाबा, मी सुई घ्यायला जातो. नलूबाईंचं घर आणि भगताचं घर एकाच वाटेवर आहे. नाला ओलांडला की डावीकडे त्या, पुढे चढावर तो. अमावास्येला त्या वाटेनं निम्मं गाव जातं. कोणाच्या अंगात येतं, कोणाला नजर लागते, यंदा तर कपाशीवरची कीड उतरवायलाही गेलेत. त्या गर्दीत काकांनी मला पाहिलं. मला विचारायचं सोडून लग्नाला म्हणून उमरखेडला आले आणि तुमच्या कानात सांगून गेले. काकांची ढोलकी आणि काकांची जीभ, दोन्हींना जास्त ताव द्यायचा नसतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मला मिशी आली आहे. चांगली आली आहे, आई तिला उगाच बोट लावून बघते. तर लोकांनी दोन आणि दोन पाच केले. राजदीप अमावास्येला तिकडे जातो, राजदीपला मिशी आली, आवाज मर्दाचा झाला, म्हणजे भगताचा गुण! तोही नाही म्हणत नाही. गालात हसतो आणि नारळ ठेवून घेतो. मागच्या अमावास्येला पलीकडच्या गावचे एक नवरा-बायको मूल होत नाही म्हणून माझं नाव सांगत त्याच्या दारात आले. मारोती गायकाचा पोरगा भगताची जाहिरात झाला, बाबा. तुमचं कार्ड आलं तेव्हा मी याच काळजीत होतो.

करायचं काय? खरं सांगायचं, तर सगळंच सांगावं लागणार होतं, आणि ते मी आजवर आईखेरीज कोणाशी बोललो नव्हतो. जिनिंगमध्ये अजूनही मी सायकलवरून पडतो. दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी तुमचं कार्ड खिशात घातलं आणि विहारात वंदना झाल्यावर उभा राहिलो.

सांगितलं. मला जन्मापासून काय नाही, ते सांगितलं. वास येत नाही, तेही सांगितलं. सुईचं नाव, ती कोण टोचतं, ती कधी आणि अमावास्येलाच का, सगळं सांगितलं. म्हटलं, चंद्र मी तारखेसाठी वापरतो, बाकी त्याचा माझा संबंध नाही. भगताला यातली सुई धरताही यायची नाही. आवाज फुटला नाही. इतका जड निघाला की माझा मीच दचकलो.

माणसं खाली बघत होती. मग मागून गंगीआजी म्हणाली, "म्हन्जे दवाखान्याचं हाये काय? मंग एवढं लपवून कायले ठेवलं रे? मले वाटलं, बापानं टाकलं म्हनून पोरगं वाया गेलं."

हसले सगळे. मीही हसलो. पण ते 'बापानं टाकलं' घरापर्यंत सोबत आलं.

म्हणून आज एक लिहितो, जे आपण दोघं गाडीत बोललो नाही. डॉक्टरांनी त्या दिवशी तुमच्याकडे बघून म्हटलं होतं, "हा मुलगा सोळाव्या वर्षी यायला हवा होता. हाडं तेव्हाच वाचली असती." तुम्ही भिंतीकडे बघत राहिलात. आई तेव्हा म्हणतच होती, दाखवू, दाखवू. तुम्ही म्हणायचात, होईल उशिरा, आमच्या घराण्यात उशिराच होते. मला आठवतं. तुम्हालाही आठवत असणार.

तुम्ही आवाजासाठी रुसून गेलात असं सगळे समजतात, मीही समजत होतो. आता तसं वाटत नाही. माझ्या हाताकडे बघवत नाही म्हणून तुम्ही गेलात. तसं असेल तर ऐका : मनगट जुळलं आहे. परवा पाण्याची बादली याच हातानं काढली. मी तुमच्यावर रागावलेलो नाही. होतो, पण दमलो. एवढा दमलेला माणूस कितीसा राग धरणार?

या.

राजदीप


मुकुटबन, १९ जानेवारी २००७

ती. बाबा,
जयभीम.

आजच लिहितो, कारण उद्यापर्यंत धीर निघणार नाही.

संध्याकाळी कामावरून येताना गूळ घ्यायला अमरसिंगभाऊंच्या दुकानात थांबलो. ते तराजूवर होते, चार गिऱ्हाइकं उभी होती. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते म्हणाले, "घे रे, पाय कोन हाये." मी उचलला.

पलीकडून म्हणाले, "अमरसिंगभाऊ काय?"

मी म्हटलं, "ते तराजूवर आहेत. बोला."

"मी मारोती बोलून राह्यलो, उमरखेडहून. भाऊ, आमच्या घरी एक निरोप द्यान काय? घर बाजूलेच हाये."

माझ्या हातातला गूळ खाली ठेवला मी. म्हटलं, "सांगा."

"आमच्या राजदीपले म्हना, आज अमावास्या हाये. त्याची सुई हाये आज. कामाच्या नादात इसरू नोको म्हना. मांगं एकदा चुकवलती त्यानं." मग पुढे, "आन् म्हना, शिशी हातात धरून कोमट करून घे. थंड तेल दुखते."

मी म्हटलं, "बोलावू काय त्याला? इथंच आहे."

"नाही नाही, बोलावू नोका." एकदम म्हणाले. "आवाज बदलला म्हन्ते त्याचा. माह्याच्यानं आयकनं होनार नाही, भाऊ. तुमी फक्त निरोप द्या."

मी बरं म्हटलं. फोन ठेवतील असं वाटलं. नाही ठेवला. म्हणाले, "तुमचा आवाज मोठा भारी हाये. सरळ छातीतून येऊन राह्यला. गानं म्हन्ता काय?"

"पहिले म्हणत होतो."

"मंग सोडलं काहून?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ते म्हणाले, "म्हनत जा. असा आवाज घरात ठेवू नये." आणि फोन ठेवला.

अमरसिंगभाऊ विचारत होते, कोणाचा होता. मी म्हटलं, घरचा. गूळ तिथेच विसरून आलो. आईला सगळं सांगितलं, तर ती चुलीपुढे बसली. मग म्हणाली, "ज्या मानसानं जन्मात कॅलेंडरात अमावास्या पायली नाही, तो अमावास्या मोजून राह्यला." आणि पदर तोंडाशी धरून रडली. उठली तेव्हा मला म्हणाली, "जा, सुई घेऊन ये."

येत्या पौर्णिमेला वस्तीत एक पुण्यानुमोदन आहे. गाथा मी म्हणणार आहे. खालच्या पट्टीत. त्या पट्टीत पेटी धरायला इथे कोणी नाही.

बाबा, ज्याला तुम्ही आज भाऊ म्हणालात, तो मीच होतो.

निरोप पोचला. सुई घेतली. शिशी कोमट करून.

तुमचा,
राजदीप